एकोणीस खाडे

ताई,

मी उदगीरकडची. पुण्यात एका छोट्या अभिमत विद्यापीठात एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. छोटं म्हणजे किती, तर चार इमारती, एक चिंच, एक कँटीन आणि मुलींचं एक वसतिगृह. आमच्या वर्गात बावीस जण. सुरुवातीला फार छान वाटलं. सर नावानं हाक मारायचे. आम्हा पाच जणींचा गट झाला. मेसला एकत्र, लायब्ररीत एकत्र, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून बाहेर डोसा खायलाही एकत्र.

ऑक्टोबरात गटातल्या एकीनं मला तिच्या घरचं काहीतरी विश्वासानं सांगितलं. ते माझ्याकडून चुकून दुसरीजवळ बोललं गेलं. दोन दिवसांत सगळ्या वसतिगृहाला कळलं. तेव्हापासून चौघी माझ्याशी बोलत नाहीत. आमच्याकडं लपायला जागाच नाही, ताई. जिन्यात त्याच, लायब्ररीत त्याच, नाश्त्याच्या पोह्यांच्या रांगेतही त्याच. मी मेसला जायचंच सोडलं, गेल्या महिन्यात रात्रीचे एकोणीस खाडे लागलेत. झोप येत नाही. सेमिनार त्यांच्याच गटात होता, त्या दिवशी गेलेच नाही. सरांनी पॅसेजमध्ये थांबवून विचारलं, 'काय गं, बरी नाहीस का?' मला चोरी पकडल्यासारखं झालं.

माझी मैत्रीण मोठ्या विद्यापीठात आहे. ती म्हणते, आमच्याकडं तू आलीस काय, नाही आलीस काय, कुणाला पत्ता लागत नाही. मला तेच हवंय. हे वर्ष सोडून पुढच्या वर्षी तिकडं प्रवेश घेऊ का? आई म्हणते वर्ष वाया घालवू नको. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

नाव छापू नका.

*

अगं, आधी त्या एकोणीस खाड्यांबद्दल बोलू. बाकी सगळं नंतर.

तू ते जाता जाता लिहिलंस, पण माझ्या डोळ्यांसमोर मेसची खाड्यांची वही उभी राहिली. आडव्या रेघा, तुझं नाव आणि त्यापुढे ओळीनं फुल्या. म्हणजे एकोणीस रात्री तू खोलीत बिस्किटांचा पुडा नाहीतर घरून आलेला चिवडा खाऊन दिवा मालवलास, आणि पुढच्याच वाक्यात लिहितेस की झोप येत नाही. रिकाम्या पोटी कुणाला झोप लागलीय? आणि महिनाभर धड जेवण नाही, धड झोप नाही, अशा डोक्यानं विद्यापीठ सोडायचं की नाही याचा निर्णय घ्यायचा नसतो.

तेव्हा उद्यापासून रात्री जेवायला जायचं. शेवटच्या दहा मिनिटांत, काकू पातेली खरवडत असताना नाही. साडेआठला, सगळ्या असतात तेव्हा. कुठं बसायचं हा तुझा खरा प्रश्न आहे, मला माहीत आहे. ताट हातात घेऊन उभं राहायचं आणि ओळखीच्या टेबलावर कुणी सरकून जागा करत नाही, ते चार सेकंद फार लांब असतात. म्हणून जागा आधीच ठरवून जा. छोट्या वसतिगृहात पीएच.डी.च्या दोन-तीन मुली असतातच, वयानं थोर, बहुतेक वेळा एकट्याच जेवणाऱ्या. त्यांच्याजवळ जाऊन 'इथे बसू का?' एवढंच विचार. दुसऱ्या विभागातल्या मुली असतील. कुणीच नसेल तर एकटी बस, पण बस. पहिल्या तीन रात्री घास घशाखाली उतरणार नाही. चौथ्या रात्री कोशिंबिरीत मीठ जास्त झालंय हे तुझ्या लक्षात येईल, तेव्हा समज की पुढचं जमेल.

हे मी अनुभवानं सांगते आहे. मी बार्शीहून पुण्याला आले ते १९८८ साली, अशाच एका लहानशा संस्थेत. वसतिगृहात पाणी तापवायची कॉइल ठेवायला बंदी होती आणि ती माझ्या ट्रंकेत होती. एका संध्याकाळी रेक्टरबाई आल्या, थेट माझी ट्रंक उघडायला लावली, कॉइल जप्त केली आणि पन्नास रुपये दंड केला. माझी खोली-जोडीदारीण चिपळूणची होती. हिनंच सांगितलं, दुसरं कोण सांगणार, असं मी त्याच क्षणी ठरवलं आणि तिच्याशी बोलणं बंद केलं. दोन खाटा, मध्ये एक टेबल. चार महिने आम्ही त्या टेबलाच्या दोन बाजूंना अभ्यास केला आणि एक शब्द बोललो नाही.

जानेवारीत एकदा मला लायब्ररीतून यायला उशीर झाला. मेस बंद झाली होती. खोलीत आले तर खिडकीच्या कट्ट्यावर एक ताट, त्यावर दुसरं ताट पालथं. आत दोन पोळ्या, वांग्याची भाजी, अर्धा कांदा आणि कागदाच्या कपट्यावर चिमूटभर मीठ. ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मी जेवले, दोन्ही ताटं घासून ठेवली. सकाळी विचारलं, 'मीठ कशाला ठेवलं होतंस?' ती म्हणाली, 'भाजी अळणी होती.' एवढंच झालं. पुढे वर्षअखेरीस कळलं की आमच्या मजल्याचा फ्यूज सारखा जात होता म्हणून वायरमननं शोध लावला होता. तिनं कुणाला काही सांगितलेलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आणि ती चार महिने असं समजत होती की माझ्या घरी काहीतरी वाईट घडलंय.

आता तुझं. तुझी गोष्ट माझ्यापेक्षा वेगळी आहे, कारण तुझ्याकडे गैरसमज नाही. तू लिहितेस, 'चुकून बोललं गेलं.' बाळ, चुकून पेन पडतं. दुसरीनं आपल्याला ठेवायला दिलेली गोष्ट तिसरीच्या हातात जाते तेव्हा त्यात थोडी आपली मर्जी असते. मला काहीतरी माहीत आहे हे दाखवण्याची, तिसरीशी जवळीक वाढवण्याची. तू वाईट मुलगी आहेस असं मी म्हणत नाही. आपण सगळ्यांनी कधी ना कधी हे केलेलं आहे. पण 'चुकून' या शब्दाच्या आड तू उभी आहेस तोवर तिच्याशी बोलायला तोंड उघडणार नाही, कारण त्या शब्दावर तिचा विश्वास बसणार नाही.

तिला एकटीला गाठ. व्हॉट्सॲपवर नको, त्याचा स्क्रीनशॉट होतो आणि मग माफीही वसतिगृहभर फिरते. बाकी तिघींसमोर नको. गच्चीवर ती कपडे वाळत घालायला जाते त्या वेळी जा. म्हणायचं इतकंच: 'तू मला सांगितलेलं मी बोलायला नको होतं. मी बोलले. तुला त्याचा त्रास झाला. माफ कर.' पुढे 'पण' लावायचा नाही. तू कशा मनःस्थितीत होतीस, दुसरीनं कसं खोदून विचारलं, यातलं काही सांगायचं नाही. ती चिडली तर ऐकून घ्यायचं, काहीच न बोलता निघून गेली तर जाऊ द्यायचं. पुन्हा पुन्हा मागे जाऊन माफी मागायची नाही, त्यात आपला जीव हलका करण्याचा हट्ट असतो आणि ओझं तिच्यावर पडतं. आणि एक फार महत्त्वाचं. तिच्या घरची ती गोष्ट यापुढे कुणाशीही बोलायची नाही. मला लिहिलेल्या पत्रातही तू ती लिहिली नाहीस, ते मला आवडलं.

मैत्री परत जुळेल असं मी तुला सांगत नाही. माझी चिपळूणची मैत्रीण आजही आहे, पण त्याच वर्षी तुटलेली दुसरी एक मैत्री कधीच सांधली नाही, आणि त्यातली चूक माझी होती. पुण्यात तर या गोष्टीचा मोठाच दाखला आहे. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात शिकत असताना जवळ आले. ते आवार तेव्हा शहरापासून लांब, येरवड्याला. तिथल्या बोलण्यातून १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, मग केसरी आणि मराठा निघाले. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात दोघं मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बरोबर राहिले. पुढे त्यांचं पटेनासं झालं. आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ साली सुधारक काढला, टिळक १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. एकाच शहरात राहून दोघं एकमेकांविरुद्ध लिहीत राहिले. १८९५ साली आगरकर गेले तेव्हा केसरीत मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. दोघांनी आपापलं काम थांबवलं नाही, एवढंच मला यातून तुझ्यासाठी घ्यावंसं वाटतं. त्या चौघी बोलोत न बोलोत, सेमिनार तुझा आहे.

तर सेमिनार, आणि सर.

पॅसेजमध्ये सरांनी विचारलं तेव्हा तुला चोरी पकडल्यासारखं वाटलं. मला मात्र ते वाचून हायसं वाटलं. मोठ्या ठिकाणी एक मुलगी चार दिवस वर्गात दिसली नाही तर हजेरीपटावर खूण होते, सेमिस्टरअखेरीस यादी लागते. इथे एका माणसाला तुझा चेहरा उतरलेला दिसला आणि तो थांबला. तू लिहितेस त्यावरून ते चौकस आहेत, भोचक नाहीत. त्यांनी गटातल्या भांडणाबद्दल काही विचारलं नाही, तब्येत विचारली.

त्यांच्या केबिनमध्ये जा. रिकाम्या हातानं जाऊ नकोस, एक पान लिहून ने. सेमिनारमध्ये तुझ्या वाट्याला जे आलं होतं त्यावरचंच, मराठीत लिहिलंस तरी चालेल, इंग्रजी नंतर करता येतं. म्हणायचं, 'सर, त्या दिवशी मी येऊ शकले नाही, माझं वैयक्तिक कारण होतं. माझा भाग मी लिहून आणलाय. एकटीनं सादर करायची संधी मिळेल का?' भांडणाचा पाढा वाचायची गरज नाही. इंटर्नलचे गुण मिळतील की नाही ते त्यांच्या हातात आहे, पण ते पान ते वाचतील. बावीस जणांच्या वर्गाचा सगळ्यात मोठा फायदा हाच की तुझं कच्चं पान कुणीतरी पेन्सिल हातात घेऊन वाचतं. पहिल्या वर्षाच्या बहुतेक मुलांना याची किंमत कळत नाही. माझ्या एका बाईंनी माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात सतरा ठिकाणी फक्त 'कशावरून?' असं लिहिलं होतं. त्या दिवशी रडले होते. आजही काही लिहिताना तो शब्द समासात दिसतो.

तू समाजशास्त्राची आहेस म्हणून आणखी एक सांगते. डेक्कन कॉलेज १९३४ साली बंद पडलं होतं. १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं तेव्हा तिथे मोजकीच माणसं होती. पुरातत्त्वाचे हसमुख सांकलिया होते आणि समाजशास्त्र-मानवशास्त्राच्या इरावती कर्वे होत्या. १९४०च्या दशकात गुजरातेत लांघणजला उत्खनन झालं, अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले, आणि त्या कामात सांकलियांच्या बरोबर इरावतीबाई होत्या. हत्यारं ओळखणारा आणि हाडं ओळखणारी, दोघं एकाच आवारातले. लहान जागेत शेजारच्या विभागाचं दार दहा पावलांवर असतं. आज तुला त्या दहा पावलांत फक्त नको असलेले चेहरे दिसताहेत, हे मला समजतं. तरी तुझ्या चार इमारतींपैकी उरलेल्या तीन इमारतींत काय चालतं हे तुला माहीत आहे का? पत्रात त्यांचा उल्लेखही नाही. पाच जणींच्या गटात एवढा वेळ गेला की सहावं माणूस ओळखीचं झालंच नाही, असं मला तरी दिसतं. परक्या विभागाच्या एखाद्या व्याख्यानाला मागच्या बाकावर जाऊन बस. तिथे तुझ्याबद्दल कुणी काही ऐकलेलं असलं तरी त्यांना त्याचं फारसं काही नसतं.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. 'तू आलीस काय, नाही आलीस काय, कुणाला पत्ता लागत नाही. मला तेच हवंय.'

ही इच्छा खोटी नाही. माणसाला दिवसातून थोडा वेळ तरी अनोळखी असण्याची गरज असते, आणि छोट्या कॅम्पसवर ती भागत नाही. तू गावातून आलीस, तिथेही सगळे सगळ्यांना ओळखतात. पुण्यात येताना मनात कुठेतरी असेल की आता आपल्याकडे कुणी बघणार नाही. आणि आलीस ती पुन्हा एका गावातच. पण त्यासाठी प्रवेश रद्द करायची गरज नाही गं. फाटकाबाहेर सगळं पुणं पडलंय आणि तिथे तुला कुणी ओळखत नाही. पत्रात पुण्याचा म्हणावा असा उल्लेख एकाच ठिकाणी आहे, रविवारचा डोसा. चार महिन्यांत तू फाटकाबाहेर गेलीस ती त्या चौघींबरोबरच, असं दिसतं.

आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून टाक. वार पक्का. त्या दिवशी पाच वाजता बाहेर पडायचं आणि मेसच्या वेळेला परत. पुणे नगर वाचन मंदिर लक्ष्मी रस्त्यावर आहे, १८४८ सालापासूनची संस्था. सभासद हो. तुझ्या विद्यापीठाच्या लायब्ररीत अभ्यासाची पुस्तकं मिळतात, इथे आपल्या मनाला येईल ते उचलायचं. शेजारी पेन्शनर आजोबा असतील, कथा-कादंबऱ्या बदलून नेणाऱ्या बायका असतील. कुणी तुला विचारणार नाही, बरी आहेस का म्हणून. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली काढलेलं. तिथली व्याख्यानं ऐकायला कुणी ओळखीचं लागत नाही, सतरंजी नाहीतर खुर्ची मिळेल तिथे बसायचं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांसाठी नुसतं फिरलीस तरी तास कसा जातो कळत नाही. एप्रिलमध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू होईल, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली, अजून चालते आहे. टेकडी आवडत असेल तर वेताळ टेकडीवर जा, पण दिवसाउजेडी आणि सोबतीनं. अंधार पडल्यावर एकटीनं नको, हे मी तुझ्या आईच्या जागी बसून सांगते.

माझी जागा होती एका पेठेतली छोटी चहाची टपरी. बुधवारी तिथे जायचे, दोन कटिंग, एक क्रीमरोल. टपरीवाल्या काकांना माझं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. 'बार्शी, आज उशीर?' म्हणायचे, बस. कॅम्पसवरच्या कशाचाही तिथे संबंध नव्हता. बुधवारची ती पाऊण तासाची सोय नसती तर मी पहिल्याच वर्षी ट्रंक उचलून बार्शीला गेले असते.

राहिला वर्ष सोडायचा प्रश्न. सोडूच नको असं मी म्हणणार नाही. काही वेळा सोडणंच योग्य असतं. विषय नकोसा झाला असेल, शिकवणारे शिकवतच नसतील, कुणी त्रास देत असेल, जातीवरून किंवा मुलगी म्हणून कुणी बोललं असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे. त्यात गप्प बसायचं नाही, तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. पण तुझ्या पत्रात यातलं काही नाही.

मग मोठ्या विद्यापीठात काय होईल ते बघ. पुणे विद्यापीठाचं गणेशखिंडीतलं आवार चारशे एकरांच्या वर आहे, झाडी आहे, जयकर ग्रंथालय आहे, सगळं खरं. पण तू काही चारशे एकरांत राहणार नाहीस. तू एका विभागात जाशील. त्या विभागात एक वर्ग, त्या वर्गात चाळीस-पन्नास मुलं, त्यांतली रोज येणारी वीस-पंचवीस. एक पॅसेज, एक कँटीन, चहाची एक ठरलेली जागा. दीड महिन्यात तुझा तिथेही पाच जणींचा गट होईल, आणि पहिल्यांदा काही बिनसलं की तो पॅसेज तुला आत्ताच्या जिन्याएवढाच अरुंद वाटेल. तुझ्या मैत्रिणीला विचार, तिच्या विभागात तिला कुणी ओळखत नाही का. खरं उत्तर मिळालं तर मला कळव. शिवाय वसतिगृहात जागा मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर कॉट बेसिसवर पेठेत खोली बघायची, डिपॉझिट भरायचं, तीन अनोळखी मुलींबरोबर एक गॅस आणि एक बाथरूम वाटून घ्यायचं. तिथे पुस्तकंच काय, दुधाची पिशवीसुद्धा कुणाची यावरून भांडणं होतात. ती जागा आजच्या खोलीपेक्षा लहान असेल.

तरीही जायचंच ठरलं तर आधी कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचार. शिष्यवृत्ती असेल तर मध्येच सोडल्यावर तिचं काय होतं, महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, पुढच्या वर्षीचा अर्ज नवीन धरला जाईल की कसा. टी.सी. आणि मायग्रेशन कधी मिळेल. आणि पहिल्या सेमिस्टरचे क्रेडिट नव्या ठिकाणी धरतील का. हे तिसरं त्या नव्या विद्यापीठातच जाऊन, लेखी विचारायचं. मैत्रिणीच्या सांगण्यावर नाही. आणि काहीही झालं तरी हे सेमिस्टर पूर्ण करायचं, परीक्षा द्यायची. निर्णय मे महिन्यात घ्यायचा. तोवर माफी मागून झालेली असेल, सहा महिने रात्रीचं जेवण पोटात गेलेलं असेल, एखादं व्याख्यान ऐकून झालेलं असेल. त्यानंतरही जावंसं वाटलं तर बेलाशक जा. मी तुझ्या बाजूनं असेन.

बाबांना सांगायचं तर मेमध्ये सांग. आईला मात्र आजच सांग, वर्षाचं नाही, जेवणाचं आणि झोपेचं. ती 'वर्ष वाया घालवू नको' म्हणते कारण तिला तेवढंच कळलंय. एकोणीस खाड्यांचं कळलं तर ती दुसरंच काहीतरी बोलेल. आणि जेवण सुरू करूनही दोन आठवडे झोप आली नाही, किंवा जगणं नको असं मनात डोकावलं, तर थांबायचं नाही. रेक्टरबाईंना सांग, सरांना सांग, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन कर. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

पोह्यांच्या रांगेचं तू लिहिलंस. नाश्ता किती वाजता असतो ते लिहायचं राहिलं तुझं. जी वेळ असेल तिच्या सुरुवातीलाच जा, पोहे तेव्हा गरम असतात. आणि सरांसाठीचं पान आज रात्रीच लिहायला घे.

तुझी,
ताई